बोट तुमचे, झेरॉक्स सर्वांची

नाशिकच्या एमजी रोडवर आता स्वस्तातला फोनही मालकाचे बोट मागतो, ही अत्यंत समाधानाची बाब आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. आता तो सुलभ हप्त्यांवर मिळतो. चेहऱ्याचे कुलूपही सोबत येते. स्वस्त फोनात ते साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालते, त्यामुळे काही फोन मालकाच्या फोटोलाही आपलेसे करतात. केवढे हे अगत्य!

कांदा निवडून, द्राक्षबागेत राबून ठसे झिजलेल्या मालकिणीला मात्र फोन दाद देत नाही. सुरक्षा म्हणावी तर अशी. तिचा पिन तेवढा कव्हरच्या मागे मार्करने लिहिलेला असतो, विसरायला नको म्हणून.

इतक्या कडक बंदोबस्तात आपण सीबीएस बसस्थानकाजवळ आधारची झेरॉक्स काढतो. लॉजसाठी एक, ‘असू द्या काका’ म्हणून एक. झेरॉक्स अशी कुणालाही देऊ नका, असे पत्रक २७ मे २०२२ रोजी निघाले होते. गैरसमज होईल म्हणून ते दोन दिवसांत मागे घेण्यात आले. होणारच!

परवाची भेळ एका सद्गृहस्थांच्या आधारमध्ये बांधून आली. यापुढे पुडीही संबंधित मालकाच्या बोटानेच उघडावी, असा नियम शासनाने तातडीने करावा. चिंचेच्या चटणीने पत्ता पुसला होता, फोटो मात्र स्वच्छ होता. त्यांच्या फोनला पुरेल इतका.