आरामात बसा!

शांतीनगरातल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मॅचकाका राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता वीजबिल टाकणाऱ्याखेरीज कोणी वाचत नाही. भारताचा मोठा सामना असला की त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो आणि आत, एरवी चार माणसांत भरून जाणाऱ्या हॉलमध्ये, सतरा माणसं मावतात. कशी मावतात ते परगावच्या माणसाला कळायचं नाही. काकांनी तीस वर्षं भाईंदर-चर्चगेट अप-डाऊन केलंय. तिघांच्या बाकावर चौथा बसवायची विद्या ते लोकलमध्ये शिकले. ‘जरा सरकून घ्या’ एवढं ते म्हणाले की भलीभली देहसंपदा आपोआप तिरकी होते.

मीरा रोड-भाईंदरच्या प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ सापडतोच. त्याचा टीव्ही सगळ्यांत मोठा असेलच असं नाही, पण हौस सगळ्यांत मोठी असते. क्रिकेट हे निमित्त. काकांचा खरा सामना पाहुण्यांच्या गैरसोयीशी असतो, आणि तो ते पहिल्या चेंडूपासून आक्रमक खेळतात.

सकाळीच ग्रुपवर फतवा येतो : ‘जेवून येऊ नये. मोजे घालून येऊ नये. मोबाइलवर मॅच लावू नये.’ मोज्यांचं कारण सतरा माणसांच्या खोलीत सांगावं लागत नाही. मोबाइलचं कारण शास्त्रीय आहे. मोबाइलवरचं चित्र केबलच्या काही सेकंद मागे चालतं, त्यामुळे सगळ्यांचं ओरडून झाल्यावर मोबाइलवाला एकटाच ‘आउट!’ म्हणून उठतो आणि निम्मी खोली दचकते. म्हणून काकांनी केबल सोडलेली नाही. समोरच्या इमारतीतला आरडाओरडा आपल्या आधी कानावर आला, तर त्यांना तो स्वतःच्या पाहुणचारातला कमीपणा वाटतो.

जेवणाचं वेळापत्रक हा तर स्वतंत्र विषय. शेजारचे शहा सूर्यास्तानंतर खात नाहीत, आणि कांदा-लसूण-बटाटा तर अजिबातच नाही. त्यामुळे त्यांची कच्च्या केळ्याची पावभाजी वेगळ्या कढईत होते आणि दिवस मावळायच्या आत त्यांच्या हातात पडते. १९ नोव्हेंबर २०२३ चा अहमदाबादचा अंतिम सामना दुपारी दोनला सुरू झाला. सूर्यास्त सहाच्या आसपास. म्हणजे आपली शेवटची षटकं चालू असताना काका शहांच्या मागे ताट घेऊन उभे! उत्तनचा एक दोस्त दर वेळी प्रेमाने सुके बोंबील आणतो. ते तीन पिशव्यांत गुंडाळून खिडकीच्या ग्रिलला टांगले जातात आणि सामना संपून शहा घरी गेल्यावरच आत येतात. तोवर मांजरं खाली उभी राहून क्षेत्ररक्षण करतात.

राहता राहिला संडास. एक आहे. टँकर आला नाही तर पंचाईत नको म्हणून काका आदल्या रात्री पिंप, दोन बादल्या आणि एक जुनं घंगाळ भरून ठेवतात. रांग फक्त ड्रिंक्सच्या वेळी लागते. आयपीएलमधला अडीच मिनिटांचा टाइम-आउट नियामक मंडळाने आपल्या घराचा नकाशा बघूनच ठरवला असावा, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

आणि एवढं सगळं नीट लावून झालं की काका बरोबर टीव्हीसमोर येऊन उभे राहतात आणि विचारतात, “सगळ्यांना दिसतंय ना व्यवस्थित? आरामात बसा हं!”

सतरा माणसं आरामात बसतात. मी सोडून.

माझी कथा २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याची. इमारतीत नवा होतो. वानखेडेवर श्रीलंकेने २७४ केले होते, सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर परतला होता. मी दारात चपला काढतोय तोच सचिन १८ वर गेला. ३१ वर २. सगळ्या खोलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चेंडू मलिंगाने नव्हे, मीच टाकला असावा. बसायला जागा फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, एका पत्र्याच्या डब्यावर. मूळचा पंधरा किलो तेलाचा, आता काकूंचा तांदळाचा. मी बसलो. झाकण ‘टॉक्’ करून खाली गेलं. आणि गंभीर-कोहलीची जोडी जमली.

“हलू नकोस,” काका म्हणाले.

कोहली गेला, धोनी आला. गंभीर आणि त्याने १०९ जोडले. त्या १०९ धावांत माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, पण उठायची सोय नव्हती. गंभीर ९७ वर त्रिफळाचीत झाला, तेव्हा मी नुसता पाय बदलला होता. झाकण वाजलं होतं. काकांनी ते ऐकलं होतं. पुढे धोनीचा तो षटकार अख्ख्या देशाने डोळे भरून पाहिला. मी तो संडासाच्या दाराकडे तोंड करून, धावायच्या पवित्र्यात पाहिला.

त्या रात्रीपासून तो डबा माझा. पाहुण्यांच्या पाठीला उशी, म्हाताऱ्यांना लोड, टक्कलवाल्यांना पंख्यापासून लांबची जागा, इतकं सूक्ष्म बघणारा हा माणूस माझ्या बाबतीत पाषाण होतो. “देशासाठी एवढं कर रे,” म्हणतो.

२०२३ ला काकूंना माझी दया आली. माझी कंबर धरली होती, म्हणून त्यांनी खुर्ची दिली. आपल्या डावात मधे सलग ९७ चेंडू चौकार-षटकार नाही! (९७ हा आकडाच आमच्या इमारतीला लाभत नाही.) काकांनी तेवढ्यात सतरा माणसांच्या जागा तीनदा बदलल्या. मला डब्यावर हलवायचा ठरावही आला, पण काकू आडव्या आल्या. मग ऑस्ट्रेलियाच्या हेडने १३७ ठोकले. निघताना जिन्यात माझ्याशी कोणी बोललं नाही.

२९ जून २०२४ ला मी न सांगता डब्यावर जाऊन बसलो. बार्बाडोसचा टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, आपल्याकडे रात्र. सगळं ठीक चाललं होतं, पण खिचडीला तांदूळ कमी पडले. “उठ जरा,” काकू म्हणाल्या. मी उठलो. त्यांनी दोन वाट्या काढेपर्यंत अक्षरच्या षटकात २४ गेले आणि आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० उरले. काकांनी काकूंच्या हातून झाकण ओढून घेतलं, डब्यावर आपटलं आणि खांदे दाबून मला खाली बसवलं. क्लासेन गेला, सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला आणि आपण ७ धावांनी जिंकलो. खिचडी सतरा जणांना चार-चार चमचे आली. कोणी तक्रार केली नाही.

आता २०२५ चं सांगतो. महिला विश्वचषकाला सुरुवातीला काकांनी ग्रुपवर फतवाच काढला नव्हता. पण उपांत्य सामन्यात जेमिमाने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाचे ३३८ ओलांडून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी निमंत्रण निघालं. काढणाऱ्या काकू. २ नोव्हेंबरला त्यांची अख्खी भिशी आली. नेरूळला पावसामुळे खेळ सुरू व्हायला पाच वाजले, तोवर सोफ्याच्या मधोमध काकू मांडी घालून बसल्या होत्या. काकांना त्यांनी भजी तळायला आत पाठवलं. मी सवयीने उंबऱ्याकडे वळलो.

“कुठे निघालास? बस इथे सोफ्यावर. त्या पोरी खेळतायत, तुझा डबा नाही.”

काका झारा घेऊन धावत बाहेर आले. “अगं, पण—”

“अहो, भजी करपतायत.”

मी सोफ्यावर बसलो. चौदा वर्षांत सोफ्यावरून पाहिलेला हा माझा पहिला अंतिम सामना. मूळ संघात नसलेल्या शेफालीने ८७ केले, आपले २९८ झाले, दीप्तीने पाच बळी घेतले. रात्री बाराच्या सुमारास हरमनप्रीतने मागे धावत झेल घेतला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो. भिशीतल्या बायका नाचल्या. काका पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवत होते. मी त्या आधी दोनदा उठून संडासालाही जाऊन आलो होतो, आणि एकही बळी अडला नव्हता.

निघताना काकांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. मागे बघून, काकू ऐकत नाहीत ना याची खात्री करून, हळूच म्हणाले, “डब्यावर मी शहांना बसवलं होतं. तुला सांगितलं नाही.”

पुढच्या मॅचला मी शहांच्या आधी पोचणार आहे.