लिंकनची चढण आणि ७३ वचनं

इंग्लंडात विद्यापीठाच्या क्वायरमध्ये शिरायला गाणं यावं लागतं, हा गैरसमज आहे. पुरुष असावं लागतं. सोप्रानो मुली रांग लावून उभ्या असतात, आल्टो पुरेशा मिळतात, आणि बोलण्याच्या पट्टीतच काम भागत असल्याने बेसमध्येही दाटी असते. तुटवडा असतो तो टेनरचा, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांचा. मी सांगलीहून उत्तर इंग्लंडातल्या एका विद्यापीठात सांडपाण्यावर संशोधन करायला गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात जिन्यात शिंकलो, तर वरच्या मजल्यावरून एक बाई धावत खाली आल्या आणि त्यांनी विचारलं, “तुम्ही टेनर का?”

त्या कंडक्टरबाई. चाचणी घेताना त्यांनी पियानोची एक पट्टी दाबली आणि हा सूर लावा म्हणाल्या. मी लावला. सवयीने खालून एक मींड घेतली, वर जाऊन दोन मुरक्या घेतल्या आणि सावकाश सुरावर परत आलो. गांधर्वच्या परीक्षेत एवढ्यावर परीक्षक मान डोलावतात. बाई म्हणाल्या, “फारच छान. आता नुसता सूर.”

तो ‘नुसता सूर’ लावायला शिकण्यात माझं पहिलं सत्र गेलं. आपल्याकडे गवई मध्यभागी बसतो आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे असतात. तबलजी त्याच्याकडे बघतो, पेटीवाला त्याच्यामागून धावतो, पहिल्या रांगेतले काका त्याच्या समेला मांडीवर थाप मारतात. इथे उलटंच. बाई मधेच हात वर करून तालीम थांबवत आणि चेहरा पाडून म्हणत, “मला एक टेनर ऐकू येतोय.” मी आधी लाजून हसलो. एवढ्या गर्दीत ओळखलं म्हणजे काय! शेजारचा निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ कुजबुजला, “अभिनंदन नाही करत आहेत त्या.”

मला वाचवलं ते मडगावच्या एका आल्टोने. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, आणि तिच्या घरात तो वारसा आजोबांपासून होता. ती नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचायची. आम्ही बसवत होतो स्टॅनफर्डची बी फ्लॅटमधली ईव्हनसाँगची, म्हणजे चर्चमधल्या संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेची, रचना, १८७९ ची. हा चार्ल्स स्टॅनफर्ड स्वतः केंब्रिजच्या विद्यापीठीय संगीतमंडळात वाढलेला. तिथल्या पुरुषांच्या क्वायरमध्ये १८७०च्या दशकात बायकांना आणण्यात त्याचा पुढाकार होता. माणूस भला, पण एका पट्टीत स्वस्थ बसेल तर शपथ. मी मनात षड्ज धरून ठेवायचो आणि पान उलटेपर्यंत तो षड्ज भलतीकडेच गेलेला असायचा. मडगावकरीण वैतागून म्हणाली, “अरे, तो तुझा सा सोड मरे! शेजाऱ्याचं ऐक.” क्वायरबद्दल ऐकलेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला.

तिकडच्या कॅथीड्रलांची स्वतःची क्वायर असतात, पण उन्हाळ्याच्या सुटीत ती पोरं घरी जातात. मग रोजच्या ईव्हनसाँगसाठी बाहेरची क्वायर बोलावतात आणि विद्यापीठांची क्वायर बॅगा भरून निघतात. मानधनाचा प्रश्नच नसतो. राहण्याखाण्याचे पैसेही आपलेच. आम्हाला ऑगस्टात लिंकन शहराचं कॅथीड्रल मिळालं.

गाण्याची मंडळी बसने निघाली म्हणजे भेंड्या होणार, अशी माझी खात्री होती. पण बसमध्ये कोणी ओठ हलवला नाही. सगळे आवाज जपत होते. जपण्याची रीत प्रत्येकाची वेगळी: एकीच्या गळ्याला मफलर, एकाची वाफारा घ्यायची नळी, तर बेसवाल्यांची आदल्या रात्रीपासूनची बिअर. मी आईने दिलेलं ज्येष्ठमध काढलं. दोघांनी मागितलं, मग सगळ्यांनीच. मागच्या सीटवर आमचा अख्खा टेनर विभाग कडुनिंबाच्या काडीने दात घासत बसल्यासारखा काड्या चघळत होता आणि ड्रायव्हर आरशातून काळजीने बघत होता.

लिंकनच्या आसपासचा मुलूख बराचसा सपाट, त्यामुळे टेकडीवरचं कॅथीड्रल फार लांबून दिसू लागतं. मधल्या मनोऱ्यावर कधीकाळी शिशाने मढवलेलं लाकडी शिखर होतं. १३११ साली ते पूर्ण झालं तेव्हा ही इमारत गीझाच्या पिरॅमिडपेक्षा उंच ठरली. १५४८ साली ते कोसळलं, आणि इंग्रजांनी ते परत बांधलं नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. आहे तेवढ्या उंचीवर पोचतानाच आमचा जीव गेला.

बस खालीच थांबते. वर जायला स्टीप हिल नावाची दगडी गल्ली आहे, सरासरी सातास एक अशा चढाची. आमचा ताफा बॅगा आणि काळ्या फायली घेऊन निघाला. श्वासावर ताबा कसा ठेवावा हे वर्षभर शिकलेले लोक पहिल्या वळणावरच बेकरीच्या दाराला टेकले. सोप्रानो पुढे गेल्या, बेस चहाच्या दुकानात हरवले. कंडक्टरबाई मात्र वर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि मोकळ्या रस्त्यावरही त्यांचा ठेका चुकत नव्हता.

कॅथीड्रलमध्ये शिरल्यावर बोलणं आपोआप खाली येतं. सेंट ह्यूज क्वायर या भागाचं छत बघून मला फार बरं वाटलं. त्याच्या कमानींच्या दगडी बरगड्या समोरासमोर जुळतच नाहीत. जाणकार त्याला चक्क ‘वेडं छत’ म्हणतात. आठशे वर्षं ते असंच तिरपागडं उभं आहे. पलीकडच्या एंजल क्वायरमध्ये कोरीव देवदूत वाद्यं वाजवतात आणि त्यांच्यात एक दगडी सैतानपोर पायावर पाय टाकून बसलंय. आणि इथेच १५६३ पासून विल्यम बर्ड ऑर्गन वाजवायचा, इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या संगीतकारांपैकी एक. १५६९ साली कॅथीड्रलच्या मंडळाने त्याचा पगार रोखला आणि ऑर्गन कुठे नि किती वाजवायचा याची लेखी सूचना हातात दिली. बर्डसारख्याला ‘आता नुसता सूर’ म्हणणारे भेटले, तिथे मी कोण!

खरा घोळ तारखेचा होता. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर वाटून दिली आहेत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. बहुतेक संध्याकाळी आटोपशीर असतात. पंधरा तारखेच्या संध्याकाळी मात्र एकच स्तोत्र आहे, ७८ वं, आणि त्याची वचनं ७३. शहाणे लोक कात्री लावतात. आमच्या बाई तत्त्वनिष्ठ. आमचा पहिला दिवस पंधरा तारखेचा.

क्वायरच्या दोन बाजू समोरासमोर बसतात आणि वचनं आलटून पालटून म्हणतात. चाल छोटीशी, ओळी मात्र वाटेल त्या लांबीच्या. कुठला शब्द कुठल्या सुरावर पडणार हे पेन्सिलीने लिहून ठेवावं लागतं. या स्तोत्रात इजिप्तवर आलेली संकटं आहेत: उवा, बेडूक, सुरवंट, टोळ, गारा. समोरच्या बाजूने बेडूक इतके गोड आवाजात सोडले की हसू दाबताना माझ्या गारा निसटल्या. पुढे एका ठिकाणी देव मद्याने तरतरीत झालेल्या दांडगटासारखा जागा होतो. आदल्या रात्रीचे बेस तिथे कमालीच्या आपुलकीने गायले. साठाव्या वचनाच्या सुमारास भूगर्भशास्त्रज्ञाने पान उलटून किती उरलंय ते पाहिलं आणि डोळे मिटले.

आणि मग स्टॅनफर्ड. त्यातल्या ‘नंक डिमिटिस’ या गीताची सुरुवात एकट्या पुरुषांनी करायची असते, टेनर आणि बेस एका सुरात. मी श्वास घेतला, सूर लावला आणि घाबरलो, कारण माझा आवाज मला ऐकूच येईना. घसा बसला की काय? हात छातीवर ठेवला तर छाती थरथरत होती. म्हणजे मी गात होतो. फक्त तो आवाज माझा असा वेगळा उरला नव्हता. वीस जणांचा मिळून एकच झाला होता. लांब ओळीच्या मध्यात मी दम घ्यायला थांबलो, तर सूर चालूच. शेजाऱ्याने दम घेतला तेव्हा मी चालू होतो. श्वास एकदम कोणीच घ्यायचा नाही, प्रत्येकाने आपापल्या जागी चोरून घ्यायचा, ही तर तालमीतली साधी सूचना. पण एवढी बादशाही चैन एकट्याने गाताना मला कधीच मिळाली नव्हती. बाईंनी शेवटचा सूर तोडला, तरी छतापाशी तो थोडा वेळ रेंगाळला. बाई आमच्याकडे बघून हसल्या. त्यांना एकही टेनर ऐकू आला नव्हता.

ईव्हनसाँगनंतर टाळ्या वाजवत नाहीत. श्रोत्यांत पावसामुळे आत आलेलं एक जोडपं होतं. त्यातल्या गृहस्थांनी बाहेर पडताना मला विचारलं, की हे रोज एवढंच लांब असतं का?

तर तुमचं कोणी शिकायला तिकडे निघालं असेल आणि गळ्यात जरा बरा आवाज असेल, तर पहिल्या आठवड्यात क्वायरची खोली शोधायला सांगा. मुलगा असेल तर खोलीच त्याला शोधत येईल. बरोबर ज्येष्ठमध जास्तीचं द्या. आणि तुम्ही स्वतः फिरायला गेलात, तर कॅथीड्रल बघायला तिकीट पडतं, ईव्हनसाँगला बसायला पडत नाही. फक्त जाण्याआधी कॅलेंडर बघा. पंधरा तारीख असेल तर पोटभर खाऊन जा.