कच्चं मडकं

माझ्या मित्राच्या तेरवीला शोकसभा झाली आणि पाच वक्त्यांनी मिळून एका भलत्याच माणसाचं वर्णन केलं. तो म्हणे अजातशत्रू होता. कर्मयोगी होता. त्याच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली होती. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि शेजारची खुर्ची सवयीनं मोकळी ठेवली होती. तो असता तर माझ्या कानाशी लागला असता, "काऊन रे, गेलंय कोण नेमकं?"

अजातशत्रू! ऑटोवाल्याशी पाच रुपयांसाठी वीस मिनिटं भांडायचा आणि मग त्यालाच दहा रुपयांचा चहा पाजायचा. हिंगोलीच्या मोंढ्यात एका अडतीवर त्यानं जन्मभर मुनीमकी केली. हळदीच्या मोसमात घरी यायचा तो मानेपर्यंत पिवळा होऊन. वहिनी म्हणायच्या, "लग्नात लागलेली हळद यांची अजून उतरली नाही." हळकुंड हातात घेऊन तो काडकन मोडायचा, आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा. आवाज बसका आला की शेतकऱ्याला बाजूला घेऊन सांगायचा, "अजून ओली हाय. चार उन्हं दाखव, मग आण." यानं मालकाचं किती नुकसान झालं, हा हिशेब मात्र त्याच्या वहीत कधी लिहिला गेला नाही.

त्याचा खरा हिशेब रात्री व्हायचा. दाराची कडी लावण्याआधी तो चपला मोजायचा. आई होती तोवर तिच्या, मग बायकोच्या, पोरांच्या, सुनेच्या, नातवंडांच्या. सगळे जोड भरले की कडी. एकदा मी गप्पांच्या नादात त्याच्या पोराची स्लिपर घालून घरी आलो. रात्री साडेअकराला दार वाजलं. हा उभा, हातात माझ्या चपला. "पोराचा जोड भरत नाही. झोप येईना." मी म्हणालो, "अरे, सकाळी दिल्या असत्या तरी चाललं असतं." तो म्हणाला, "तुला चाललं असतं. मला कडी लावता येत नव्हती." कुटुंबवत्सल या शब्दाचा अर्थ मी शाळेत तीस वर्षं शिकवला. तो मला त्या रात्री कळला.

आषाढात पंढरपूरहून परतलेले वारकरी वद्य एकादशीला नर्सीला येतात, संत नामदेवांच्या जन्मगावी. त्याला परतवारी म्हणतात. नर्सीला दर्शन झालं की वारी पुरी झाली असं मानतात. मित्र दरवर्षी मला ओढून न्यायचा. पंढरपूरला तो फारसा गेला नाही, परतवारी मात्र चुकवली नाही. म्हणायचा, "जायला काय, कुणीबी जातं. परत किती आले, ते मोजायचं असतं."

तर शोकसभा. शेवटी सूत्रसंचालकानं मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी खरोखर दोनच बोललो. "हा माणूस" म्हणालो आणि ढसाढसा रडलो. सत्तरीच्या माणसानं माईकसमोर रडू नये, कारण कर्ण्यातून ते चार गल्ल्या ऐकू जातं. कुणीतरी हाताला धरून मला खाली बसवलं. मागून आवाज आला, "मास्तर लईच कच्चे निघाले."

हा शेरा आमच्या मुलखाला नवा नाही. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, तेव्हा कच्चं मडकं ठरले ते आमचे नामदेवच. मग भाजून घेण्यासाठी ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. तिथं पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांनी त्यांना पक्कं केलं, अशी कथा आहे. पुढं 1296 साली आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. मित्र एकवीस वर्षांचा, नामदेव सव्वीसचे. आणि त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग वाचावेत, तर पक्कं झालेलं हे मडकं ओळीओळीला पाझरतं आहे! स्वतः रडले ते रडले, निवृत्तिनाथांसारख्या धीराच्या माणसाचा बांध फुटला तेही त्यांनी लिहून ठेवलं. मोठी माणसं रडताना दिसली की आपण नजर दुसरीकडे वळवतो. नामदेवांनी वळवली नाही.

त्या अभंगांत मला एक साधी गोष्ट फार आवडते. समाधीची जागा झाडायला नामदेवांची मुलं गेली होती. जनाबाईंना धरून पंधरा माणसांचा संसार होता म्हणतात, पण मैत्रीच्या कामाला घरातली पोरं हजर. कयाधू नदीच्या काठी माझ्या मित्राला नेलं, त्याआधी तिथली जागा माझ्या मुलानं झाडली. घरात त्यानं कधी केरसुणी हातात धरलेली मी पाहिलेली नाही. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

मित्र गेल्यावर नामदेव चोपन्न वर्षं जगले. कीर्तन करत पंजाबात घुमानपर्यंत पोचले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. मागं राहिलेल्यानं काय करावं, याचा हा नमुना आपल्याला झेपणारा नाही. मला तेरवीचं जेवणसुद्धा गेलं नाही. ताटावरून उठलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या मुलाचा फोन आला.

"काका, रात्री कडी लावताना बघितलं. तुमचा जोड इथंच हाय. अन् बाबांचा न्हाई."

मी दारात जाऊन पाहिलं. त्याच्याच होत्या, अंगठ्यापाशी पिवळट झालेल्या. दोनशे माणसांच्या चपलांतून माझ्या पायांनी नेमक्या त्याच कशा शोधल्या, कोण जाणे. मी म्हणालो, "आणून देतो." तो जरा थांबून म्हणाला, "राहू द्या. कुठं हाय ते कळलं म्हणजे झालं."

या परतवारीला नर्सीला त्याच घालून जाणार आहे. एका नंबरानं मोठ्या आहेत, चालताना फटफट वाजतात. आवाज कच्चा की पक्का, ते गोरोबाकाकांनी ठरवावं.