आर्किटेक्ट पाहिजे, नकाशा आणू नये

वास्तुविशारद नेमण्याच्या सरकारी निविदा वाचायचा मला छंद आहे. काही लोक सकाळी राशिभविष्य वाचतात, मी परिशिष्ट 'क' वाचतो. राज्यातली कुठलीही नगरपालिका घ्या, मजकुरात फार फरक पडत नाही. बयाणा रक्कम भरा. मागच्या तीन वर्षांची उलाढाल सनदी लेखापालाच्या सहीनिशी दाखवा. काळ्या यादीत नाव नसल्याचं प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर द्या. एवढ्याच कोटींची इमारत याआधी बांधल्याचा दाखला जोडा. सगळी पानं उलटून झाली की लक्षात येतं, एक गोष्ट कुणी मागितलेलीच नाही. इमारत कशी दिसेल, कशी चालेल, याचं एखादं चित्र. ते नंतर बघू. आधी दर बोला. ज्याची फी सगळ्यांत कमी टक्के, तो आपला माणूस.

लग्नाचा आचारी ठरवताना आपण निदान वरणाची चव घेतो. इथं आचाऱ्याला विचारतात, पातेली किती आहेत?

उद्या आपल्या वसई-विरार महापालिकेला एखाद्या प्रभाग समितीसाठी नवं कार्यालय बांधायची इच्छा झाली, असं धरून चालू. नऊ प्रभाग समित्या आहेत, इच्छा कुठंही होऊ शकते. जाहिरात निघेल. पहिला भाबडा आर्किटेक्ट पहिला भाबडा प्रश्न विचारेल : इथं रोज माणसं किती येणार? इथंच गाडी अडेल. 2009 मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एकत्र करून ही महापालिका झाली. त्यातली 29 गावं आत की बाहेर, यावर आंदोलनं झाली, अधिसूचना निघाल्या, कोर्टात तारखा पडत राहिल्या. खिडक्या किती ठेवायच्या ते आर्किटेक्टनं या पार्श्वभूमीवर ठरवायचं. 29 गावं आत असतील तर उघडतील आणि बाहेर गेली तर भिंत होतील, अशा सरकत्या खिडक्या काढणाऱ्याला गुण जादा द्यावेत.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा कार्यालयासाठी स्पर्धा, नकाशे, परीक्षक कशाला? आपण काय मुंबई आहोत? तर मुंबईचंच सांगतो. बोरीबंदरसमोरच्या पालिका मुख्यालयाचा पाया लॉर्ड रिपन यांच्या हस्ते 9 डिसेंबर 1884 रोजी बसला आणि काम सुरू झालं 1889 मध्ये. म्हणजे नारळ फोडून पाच वर्षं विसरून जायची परंपरा आपण निर्माण केलेली नाही, नुसती जपली आहे. मधल्या काळात खल झाला तो मात्र नकाशांवर. चिझम यांचा हिंदी-इस्लामी वळणाचा आराखडा एका बाजूला, व्हिक्टोरिया टर्मिनसवाले फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा गॉथिक दुसऱ्या बाजूला. शेवटी स्टीव्हन्स आले, 1893 मध्ये इमारत उभी राहिली आणि खर्च आला 11 लाख 19 हजार 969 रुपये. मंजुरी होती 11 लाख 88 हजार 82 रुपयांची. म्हणजे 68 हजार 113 रुपये उरले.

हे वाक्य आपल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्यापुढं मोठ्यानं वाचू नका, घाबरेल. मंजूर रकमेतून पैसे उरवणाऱ्या माणसाला आज दुसरं काम मिळणार नाही. मुळात आर्किटेक्टची फी प्रकल्पाच्या किमतीच्या टक्क्यांत. स्टीव्हन्स यांनी जे वाचवलं त्यात स्वतःच्याही पोटाला थोडा चिमटा काढला, असंच आजच्या हिशेबानं म्हणावं लागेल.

मुंबई मोठी, इंग्रजांची, सोडा. छोट्या गावाचंच उदाहरण हवं तर फिनलंडमध्ये सायनात्सालो नावाचं बेट आहे. वस्ती तीनेक हजार, म्हणजे नालासोपाऱ्याच्या एका गल्लीइतकी. त्यांनी 1949 मध्ये नगरपालिकेच्या इमारतीसाठी रीतसर स्पर्धा घेतली, ती अल्वार आल्टो यांनी जिंकली आणि 1952 पर्यंत विटांची ती इमारत उभी राहिली. आज जगभरचे विद्यार्थी ती बघायला जातात. गोष्ट अशी सांगतात की सभागृह 17 मीटर उंच कशाला, विटांचा खर्च किती, म्हणून सदस्य कुरकुरले. आल्टो म्हणाले, जगातलं सगळ्यात देखणं नगरसभागृह इटलीत सिएना इथं आहे आणि ते 16 मीटर उंच आहे. सदस्य गप्प. हा युक्तिवाद आपल्याकडंही चालेल, फक्त सिएनाच्या जागी भाईंदर म्हणावं लागेल.

आल्टो यांनी आणखी एक शहाणपण केलं. तळमजल्यावर दुकानं आणि बँक ठेवली, पुढं कारभार वाढला की ती जागा कार्यालयाला घेता यावी म्हणून. आपल्याकडंही तळमजल्यावर गाळे काढतात. फक्त पुढं कार्यालय गाळ्यांत पसरत नाही, गाळेच जिन्यापर्यंत येतात. आणि नियतीचा टोला बघा : 1993 मध्ये सायनात्सालोची नगरपालिकाच शेजारच्या युवास्कुला शहरात विलीन झाली. इमारत जगप्रसिद्ध, पालिका गायब. आपल्या चार जुन्या नगरपालिकांना हे दुःख कळेल. मात्र त्यांच्या इमारती बघायला फिनलंडचे विद्यार्थी अजून आलेले नाहीत.

तर स्पर्धा घ्यायची. केंद्राचा वास्तुविशारद कायदा 1972 चा आहे, त्याखालच्या परिषदेनं स्पर्धांसाठी मार्गदर्शक सूचनाही केल्या आहेत. परीक्षक मंडळात बहुसंख्य मंडळी वास्तुविशारद असावीत, असं त्यात आहे. ही अट वाचून बैठकीत थोडा वेळ शांतता पसरेल. मग एक वडीलधारे सदस्य म्हणतील, "आर्किटेक्टला काय कळतंय? इमारत आपल्याला वापरायचीय." हे बरोबरच आहे. आपल्याला म्हणजे कुणाला, एवढंच विचारायचं नसतं.

यानंतर सूचनांचा पाऊस. नवी मुंबईला बेलापूरच्या मुख्यालयावर 2014 पासून घुमट आहे, आपल्याला का नको? म्हणजे घुमट नक्की. मग स्थानिक अस्मिता. वसईचा किल्ला हवा, निदान एक बुरूज. बुरूज पोर्तुगीजांचा की चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेला, यावर स्वतंत्र बैठक. सोपाऱ्याचा स्तूप राहता कामा नये, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरून जगापुढं आणला, आपण निदान लॉबीत आणू. चर्चची कमान हवी, नाहीतर पापडी-गास नाराज. जीवदानीच्या पायऱ्या हव्यात. अर्नाळ्याची होडी, वाडवळांची केळीची बाग, आगाशीची सुकेळी... सुकेळी दर्शनी भागावर कशी दाखवायची हे आर्किटेक्टनं बघावं, फी कशाची घेतो? या सगळ्यावर निळी काच, पश्चिमेला तोंड करून, म्हणजे दुपारी तीनला आत एसी आणि बाहेर रांग दोन्ही तापतील.

रांगेचा विषय निघालाच आहे तर, आजवर पाहिलेल्या अशा आराखड्यांत मला एक माणूस कधीच सापडला नाही. घरपट्टीची पावती, दोन झेरॉक्स आणि छत्री घेऊन उभा असलेला. संगणकावर काढलेल्या त्या देखण्या चित्रांत कोट घातलेले गोरे लोक बॅगा घेऊन हिरवळीवरून चाललेले असतात. कुणालाही जन्मदाखल्यातलं आडनाव दुरुस्त करायचं नसतं. आमच्या कार्यालयांत दाखल्याची खिडकी जिन्याखाली, नगररचना विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि स्वच्छतागृहाची चावी ज्या शिपायाकडं असते तो चहाला गेलेला.

स्थानिक कलावंतांना प्राधान्य द्या, अशीही मागणी येईल. नक्की द्यावं. आपल्याकडं कागद रंगवण्याची कला केवढी! 2023 मध्ये पोलिसांनी बोगस बांधकाम परवानग्यांचं प्रकरण उघडकीला आणलं, त्यात 55 इमारती निघाल्या. लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्के, सह्या. पालिकेच्या खऱ्या परवानगीत कधी खाडाखोड असते, यांच्या खोट्यात नसते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, माणसं कर्ज काढून राहायला आली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्या सगळ्या जमीनदोस्त व्हायला 2025 उजाडलं. इतकी वर्षं त्या कुणालाच दिसल्या नाहीत. घुमट नसला की इमारत दिसत नसावी.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि 17 माणसं गेली. त्यावर मला विनोद सुचत नाही. इमारत अनधिकृत होती, एवढं सगळ्या बातम्यांत होतं.

गळतीकडं वळू. नवी इमारत गळणार हे आपण मनोमन धरूनच चालतो, प्रश्न फक्त केव्हाचा असतो. पुण्यानं हा प्रश्न चटकन सोडवला. 21 जून 2018 रोजी तिथल्या महापालिकेच्या विस्तारित इमारतीचं उद्घाटन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झालं आणि कार्यक्रम चालू असतानाच नव्या सभागृहात पाणी टपकू लागलं. उद्घाटन आणि जलार्पण एकाच मांडवात. आपल्याकडं मात्र यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा तोडगा आहे : गच्चीवर पत्रा. चर्चगेटहून येणाऱ्या गाडीतून वसई आलं हे कशावरून ओळखायचं? गच्च्यांवरच्या निळ्या पत्र्यांवरून. ही आपली खरी वास्तुशैली, कुठल्याही स्पर्धेशिवाय जन्मलेली. आर्किटेक्ट कुणीही नेमा, घुमट कितीही महाग लावा, तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावर पत्र्याची शेड चढणार. मग ती पहिल्यापासूनच नकाशात का दाखवू नये, असं आपलं मला वाटतं. पण त्याला नियम आडवा येतो म्हणतात. पालिकेच्या इमारतीत नियम पाळावा लागतो.

निवडीसाठी माझी एक नम्र सूचना आहे. उलाढाल, बयाणा, प्रतिज्ञापत्र, सगळं ठेवा. फक्त मुलाखत जुलैत घ्या. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या अडकल्या, मिठागरातली माणसं वेढली गेली आणि नंतर पूर का आला ते शोधायला आयआयटी आणि नीरीची समिती नेमावी लागली. तसाच एखादा दिवस निवडावा. उमेदवारानं संध्याकाळी दादरहून विरार फास्ट पकडून यावं. वसईला उतरून दाखवलं तर पाच गुण. स्टेशनपासून कार्यालयापर्यंत पोहोचताना जमिनीची पातळी, गटार आणि रस्ता यांचा अभ्यास गुडघ्यापर्यंत आपोआप होईल, त्यासाठी वेगळा सल्लागार नको. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात नावदुरुस्तीचा एक अर्ज द्यावा आणि खिडकी क्रमांक चार कुठं आहे ते कुणी सांगू नये. लिफ्ट, पंखा, चावीवाला शिपाई, सगळं नेहमीसारखंच राहू द्यावं. कार्यालय बंद व्हायच्या आत जो अर्जावर शिक्का घेऊन, कागद कोरडे ठेवून बाहेर येईल, त्याला काम द्यावं, त्याचा टक्का कितीही असो.

कुणीच आला नाही तर फेरनिविदा काढावी. नाहीतरी ती काढायचीच असते.