पट्टा सुटू नये म्हणून

गिटार मला बेताचीच येते, हे आमच्या सोसायटीत आता गुपित राहिलेलं नाही. बार कॉर्ड धरायचा म्हटलं की तर्जनी असहकार पुकारते आणि सहावी तार घशात घास अडकल्यासारखी बोलते. तेव्हा यंदाच्या गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमासाठी मी सरळ हिशेब केला. या वयात बोटं सुधारणार नाहीत. पण मंडपात लोक ऐकायला कमी आणि बघायला जास्त येतात. तर त्यांना बघायला काहीतरी देऊ.

याला थोर परंपरा आहे, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. टी-बोन वॉकर हा ब्लूजवाला 1940च्या दशकातच गिटार डोक्यामागे धरून वाजवत असे आणि वाजवता वाजवता दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकत असे. ते मी पाहूनच सोडून दिलं. एकदा टेकलो तर उठवायला कार्यकारिणी लागली असती. चक बेरी एका पायावर उकिडवा होऊन अख्खा रंगमंच पार करायचा. माझ्या गुडघ्यांनी तोही प्रस्ताव फेटाळला. जिमी हेन्ड्रिक्सनं 18 जून 1967 ला माँटेरीच्या महोत्सवात गिटारच पेटवून दिली. आमच्या मंडपाला अग्निशमन दलाची परवानगी काढताना काय यातायात होते ते सेक्रेटरींनी मला तोंडी सांगितलं, त्यामुळे तो विषय पहिल्याच बैठकीत संपला.

उरलं ते गिटार अंगाभोवती गर्रकन फिरवणं. 1980च्या दशकातल्या लांब केसांच्या अमेरिकन बँडांनी याचं वेड लावलं. गिटारची मान डाव्या हातात घ्यायची, डाव्या खांद्यावरून तिला मागे भिरकावायचं, ती पाठीवरून फिरून उजव्या काखेखालून पुढे येते, ती झेलायची आणि काही विशेष घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढचा सूर वाजवायचा. बघताना मला वाटलं, यात अवघड काय? भाईंदरहून चर्चगेटची लोकल धरणारा माणूस रोज फलाटावर पाठीवरची सॅक एका झटक्यात पोटावर आणतो, तेही मागे-पुढे चार माणसं चिकटलेली असताना. माझी तर यात हयात गेली.

गाणं ठरलं 'कर्ज'मधलं. 1980 सालच्या या चित्रपटातली गिटारची सुरावट ज्याला ठाऊक नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणार नाही. पडद्यावर ऋषी कपूर. प्रत्यक्षात वाजवणारे गोरख शर्मा, संगीतकार प्यारेलाल यांचे भाऊ. शर्मांनी ती स्टुडिओत खुर्चीवर नीट बसून वाजवली असणार, हा तपशील मी त्या वेळी मुद्दाम मनावर घेतला नाही.

घरात हे जाहीर केल्यावर सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "अहो, 'डिस्को डान्सर' पाहिलाय ना?"

पाहिला होता. 1982चा. त्यात मिथुनच्या आईचा जीव वीज सोडलेल्या गिटारनं जातो आणि पोराला गिटारची अशी धास्ती बसते की वाद्याला हात लावणं मुश्कील होतं. हिंदी चित्रपटानं सुरक्षित गिटारवादनावर दिलेला तो बहुधा एकमेव धडा, आणि तो तसा चुकीचाही नाही. मंडपातल्या विजेला अर्थिंग आहे की नाही हे अॅम्प लावण्याआधी तपासावंच. मी मंडपवाल्याच्या वायरमनला विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच आधी त्याची क्षमा मागितली. मग त्यानं तपासलं.

आमचं घर केबिन रोडला, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. हॉल दहा बाय बारा. त्यातून सोफा, टीव्हीचं कपाट आणि इस्त्रीच्या कपड्यांची खुर्ची वजा केली की उरते ती जागा एका सडपातळ माणसाला सूर्यनमस्कार घालण्यापुरती. पंखा बंद केला. सौभाग्यवती भाजी आणायला गेल्या होत्या. शेजारच्या काकूंना आवाज जाऊ नये म्हणून गिटार अॅम्पला जोडलीच नाही. सगळी खबरदारी घेतली होती, असं तेव्हा मला वाटत होतं.

गिटार खांद्यावरून गेली खरी. परत आली नाही.

झालं ते असं. गिटारच्या अंगाला दोन टोकांना दोन छोटी बटणं असतात, धातूची, करंगळीच्या नखाएवढी. त्यांवर पट्ट्याच्या चामडी टोकातलं भोक अडकवायचं. बस्स. साडेतीन किलोचा लाकडाचा ठोकळा एवढ्यावर लटकतो. सरळ उभं राहून वाजवलं तर लटकतोही. पण गोल फिरवलं की तो बाहेर जाऊ पाहतो आणि पट्ट्यावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ बसते. माझ्या पट्ट्याचं एका बाजूचं भोक वापरून वापरून सैल पडलं होतं. ते बटणावरून अलगद निसटलं. दुसऱ्या बाजूला भोक घट्ट होतं, तर तिथं बटणाचा स्क्रूच लाकडातून उपटून आला, पाठोपाठ थोडा भुसाही. गिटार स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली आणि गव्हाच्या कोठीवर आदळली. गिटारला चराही नाही. कोठीला मात्र तळहाताएवढा पोचा पडला. आणि कोठी माहेरची होती.

त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

मग मी अभ्यासाला लागलो, आणि अभ्यासातून समाधान मिळालं ते असं की थोरामोठ्यांचंही हेच झालं आहे. 'द हू'चा पीट टाऊनशेंड 1964 साली हॅरोमधल्या 'रेल्वे टॅव्हर्न'मध्ये वाजवत होता. छत बुटकं, त्यानं गिटार वर उगारली ती छतात गेली आणि तिची मान मोडली. लोक सहानुभूती दाखवेनात, म्हणून चिडून त्यानं उरलेली गिटारही फोडली आणि पुढे तीच त्याची ख्याती झाली. आमच्या रस्त्याच्या नावातली केबिनही मला कायम रेल्वेचीच वाटत आली आहे, त्यामुळे ही गोष्ट मला घरच्यासारखी वाटली. लगोलग मंडपात जाऊन मी झाडूच्या दांड्यानं छताची उंची मापून आलो. दुसरं उदाहरण 'निर्वाणा'च्या क्रिस्ट नोव्होसेलिचचं. 1992च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात त्यानं बेस गिटार हवेत उंच फेकली, झेलायला चुकला आणि ती त्याच्याच कपाळावर आली. हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. "त्याच्या घरात कोठी नसेल," त्या म्हणाल्या.

उपाय काही गूढ नाहीत. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीतल्या काड्या गुल काढून फेविकॉलमध्ये बुडवायच्या, भोकात ठासायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि मग त्यातच स्क्रू पिळायचा. भोक सैल असेल तर बटणावर रबराची चकती चढवायची. परदेशात वादक त्यासाठी ग्रोल्श नावाच्या बिअरच्या बाटलीच्या बुचाचं रबर वापरतात, त्या बाटल्यांना तारेची कडी आणि लाल रबर असतं. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यानं स्ट्रॅपलॉक घ्यावेत. त्यात पट्ट्याच्या टोकालाच धातूचं कुलूप असतं, ते बटणात खटकन बसतं आणि कळ दाबल्याशिवाय सुटत नाही. उत्तनला चर्चमध्ये आणि लग्नांत वर्षानुवर्षं गिटार वाजवणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्ट्रॅपलॉक घे, गादीवर उभा राहून शिक, आणि वायरलेस घे." यातलं पहिलं महाग वाटलं, दुसरं घरच्या गादीवर करायला बंदी आली आणि तिसरं मी नीट ऐकलंच नाही.

ग्रोल्शची बाटली केबिन रोडला कुठे शोधणार? मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"रबरी वॉशर द्या."

"अर्धा इंची की पाऊण?"

"दाखवा दोन्ही."

"नळ कुठला आहे?"

"नळ नाही, गिटार आहे."

त्यानं हातातला वॉशर परत डब्यात टाकला आणि मागे वळून मुलाला म्हणाला, "ह्यांना बघ रे."

मुलानं मात्र रस घेतला. वॉशर कशाला, म्हणाला, मागच्या गल्लीत गाळा आहे, तिथं काम मजबूत होईल. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. पातेली, डबे, त्यांची कापणी, ठोकणी, पॉलिश. त्या गाळ्यात सगळीकडे भांड्यांच्या झाकणांची चळत, हवेत बफिंगची काळपट धूळ आणि मध्ये एक कोकणातला मेकॅनिक. त्यानं गिटार उलटीपालटी करून पाहिली, बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कशाला?"

"त्यावर पट्टा अडकतो."

"अडकवायचा कशाला? ठोकूनच टाकू ना. सुटायलाच नको."

सुटायलाच नको, या शब्दांनी मी विरघळलो. त्यानं बटणं काढून फेकली. पट्ट्याच्या चामड्यावर रुपयाएवढा स्टीलचा वॉशर ठेवून, त्यातून थेट लाकडात जाडजूड स्क्रू पिळला, सहा कोनी चावीनं फिरतो तो. दोन्ही टोकांना. पट्टा लांब-आखूड करायची सरक होती, ती घसरू नये म्हणून तिला दोन रिव्हेट मारले. शेवटी गिटार पट्ट्यानं उचलून हवेत झोके दिले आणि म्हणाला, "आता तुम्ही पडाल, ही पडणार नाही."

वायरीचंही मी शास्त्रोक्त केलं. वायर गिटारच्या भोकात सरळ खुपसली तर कुणाचा पाय पडला की निघून येते. म्हणून ती आधी पट्टा आणि गिटार यांच्या फटीतून ओवून मग भोकात घालावी, असा संकेत आहे. पट्टा आता असा आवळलेला की ओवताना मला स्क्रू-ड्रायव्हरनं ढकलावी लागली. सुरक्षेत कुठंही कसूर नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी माझा नंबर लहान मुलांच्या नाचानंतर आणि शेवटच्या आरतीआधी. दहाला स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे सेक्रेटरी हातात घड्याळ धरूनच उभे. स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर फळ्या आणि वर हिरवं कार्पेट. दुसऱ्या रांगेत मेकॅनिक सहकुटुंब आला होता. ट्रॅक सुरू झाला, मी सुरावट बऱ्यापैकी वाजवली, मधली मोकळी जागा आली, मी मान पकडली आणि भिरकावली.

पट्टा सुटला नाही. याची नोंद व्हावी.

गिटार डाव्या खांद्यावरून मागे गेली आणि तिच्याबरोबर वायरही गेली. उत्तनच्या काकांनी वायरलेस का सांगितलं होतं ते मला त्या क्षणी, पाठीवर गिटार असताना कळलं. दहा फुटी वायर माझ्या छातीभोवती आणि उजव्या दंडाभोवती गुंडाळली, ताणली गेली आणि गिटार पाठीवरच अडकून बसली, मान खाली, बूड वर. तारा कुर्त्यावर घासू लागल्या आणि स्पीकरमधून गुरगुर सुरू झाली. तिकडे अॅम्प फळीवरून माझ्या दिशेनं सरकू लागला. साउंडवाल्यानं झेप घालून तो धरला. ट्रॅकमध्ये गाणं मजेत पुढे चाललं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

साधा पट्टा असता तर एक टोक बटणावरून काढलं आणि झालं. इथे दोन्ही टोकं चावीशिवाय हलणार नव्हती, चावी गाळ्यात, गाळ्याला शटर. पट्टा ढिला करावा तर रिव्हेट. वायर गिटारमधून उपटावी तर ती पट्ट्याखाली मीच दाबून बसवलेली. "कापा ती वायर," मी म्हणालो. "वायर माझी आहे," साउंडवाला म्हणाला, "आणि अॅम्पकडून काढायला मी हात सोडला तर अॅम्प खाली." दहाला सात मिनिटं कमी होती. शेवटी सेक्रेटरी आणि खजिनदार स्टेजवर चढले, दोघांनी माझे खांदे धरले आणि मला जागच्या जागी उलटं फिरवायला घेतलं, सावकाश, जपून. पहिल्या रांगेतली पोरं फेरे मोजू लागली. मधेच कळलं की दिशा चुकली आहे. मग पुन्हा दुसऱ्या बाजूनं. वायर सुटेपर्यंत सौभाग्यवती मागच्या रांगेतून उठून चपला शोधत होत्या.

मेकॅनिक मात्र उभा राहून बायकोला सांगत होता, "बघितलंस? एक स्क्रू हलला नाही."

बक्षीस समारंभात माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला वाटलं, उत्तेजनार्थ असेल. नव्हतं, पहिलं होतं. प्रमाणपत्रावर 'प्रकार' या रकान्यात सेक्रेटरींनी सुवाच्य अक्षरात 'कसरत' लिहिलं होतं, आणि त्या प्रकारात दुसरा स्पर्धक नव्हता. सोबत पाच लिटरचा स्टीलचा डबा मिळाला, त्याच गाळ्यातला. झाकण अजून उघडलेलं नाही.