पुढची तारीख

मावळात शनिवार उजाडला की घाट चढून गाड्या येतात आणि गाड्यांमधून शब्द. गाड्या रविवारी रात्री खाली उतरतात, शब्द मात्र आमच्याकडेच राहतात. ‘व्हिला’ असाच राहिला. पवना धरणाच्या काठी तंबूत झोपण्याचे माणशी पैसे घेतात आणि त्याला ‘कॅम्पिंग’ म्हणतात, हेही आम्हाला असंच कळलं. हल्ली मुक्कामाला आलंय ते एक क्रियापद : जज करणं.

लायन्स पॉइंटच्या वाऱ्यात एक मुलगी मॅगीची तिसरी प्लेट मागवते आणि टपरीवाल्याला बजावते, “दादा, जज करू नका हां.” दादाने एवढंच विचारलेलं असतं, “चीज टाकू का?” लोणावळ्याच्या बाजारात एक गृहस्थ ‘नुसतं बघतोय’ म्हणत शेंगदाणा, तीळ, काजू, खोबरं, राजगिरा अशा झाडून सगळ्या चिक्क्यांचे नमुने चाखतात, वर डॉक्टरांनी गोड बंद केल्याचं सांगतात आणि दोन किलो बांधून घेताना हळूच म्हणतात, “जज करू नका बरं का.” दुकानदार पक्का मुरलेला. त्याचं मत चेहऱ्यावर उमटत नाही, बिलावर उमटतं.

थोडक्यात, हा शब्द म्हणजे अटकपूर्व जामीन आहे. गुन्हा व्हायचाय, तक्रार कुणी केलेली नाही, पण अर्ज आधीच दाखल. त्यातून निघालेलं ‘जजमेंटल’ हे विशेषण तर फारच सोयीचं. आपल्याला न आवडणारं मत ज्याने दिलं, तो जजमेंटल. ‘तू किती गुणी आहेस’ असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्याला जजमेंटल म्हटल्याचं अजून ऐकिवात नाही. खरं तर त्यानेही साक्षीपुरावा न घेताच निकाल दिलेला असतो. पण निकाल आपल्या बाजूने लागला की अपील कोण करतो?

आमच्या तात्यांपुढे हा शब्द पहिल्यांदा आला तो माझ्या भाचीच्या तोंडून. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. भात लावणं आणि दावा लढवणं ही त्यांची दोन मुख्य पिकं. भाची तणतणत होती, “सगळे मला जज करतात!” तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

“जज करत्यात म्हंजी काय करत्यात?”

“म्हणजे बघताक्षणी मत बनवतात, तात्या.”

“मग त्यो कसला जज? जज बघताक्षणी तारीख देतो.”

हे तात्या अधिकाराने बोलतात. भाऊबंदकीतल्या एका बांधावरून त्यांनी कोर्टाच्या इतक्या पायऱ्या चढल्यात, की तेवढ्यात लोहगड कैकदा पाहून झाला असता. द्रुतगती मार्ग झाला, जमिनीचे भाव चढले आणि ज्या बांधावरून आधी नुसत्या शिव्या जायच्या, त्यावरून नोटिसा जायला लागल्या. तात्यांना सगळ्यात राग कशाचा आला असेल, तर साहेबांच्या चेहऱ्याचा. तात्या तावातावाने सांगताहेत, चुलतभावाने बांध कसा हातहात कोरला, आणि साहेब विचारताहेत, “मोजणीचा नकाशा आणलाय का?” ना ‘अरेरे’, ना ‘काय माणसं असतात’. समोरच्याचा वकीलही तितक्याच शांतपणे ऐकून घेतला जायचा. तात्यांच्या मते हा सरळसरळ पक्षपात होता.

गावात मात्र या प्रकरणाचा निकाल कधीच लागला होता. पारावर अर्ध्या तासात. तोही दोन वेळा, दोन वेगवेगळ्या बाजूंनी.

मत बनवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. त्याचं मुख्य केंद्र जुन्या हायवेला लागून असलेली चहाची टपरी. समोरून एकवीरेला जाणाऱ्या, कार्ल्याची लेणी बघणाऱ्या आणि रस्ता चुकलेल्या गाड्या जात असतात. आमची मंडळी काचेच्या ग्लासात कटिंग घेऊन नंबरप्लेट वाचतात. एमएच ०१, ०२ दिसली की, “मुंबई. आता थांबणार, ‘वॉव’ म्हणणार, कणीस घेणार.” एमएच १२ दिसली की, “पुणं. आता थांबणार, कणसाचा भाव विचारणार, पुढं जाणार.” एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई. “ह्यांना पार्किंग कुठंय ते आधी सांगा.” गाडीची काच खाली व्हायच्या आत माणसाचा स्वभाव, पगार आणि सासूशी असलेले संबंध इथपर्यंत निकालपत्र तयार असतं.

ही पद्धत अडते ती एमएच १४ पाशी. कारण ती प्लेट आमची. पण ती पिंपरी-चिंचवडचीही. टाकव्याचा भाताची पोती भरलेला टेम्पो एमएच १४, आणि वाकडच्या बाविसाव्या मजल्यावरून आलेली, आत कुत्र्याला वेगळी सीट असलेली गाडीही एमएच १४. अशी गाडी आली की टपरीवर शांतता पसरते. आपला म्हणावं की पाहुणा? शेवटी काच खाली होते, आतून प्रश्न येतो, “एक्सक्यूज मी, भाजे लेणी?” आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पाहुणा! आता मत बनवायला हरकत नाही.

निवडणुकीत तर बाहेरचे पत्रकार येऊन थेट विचारतात, “मावळचं मत काय?” आता २००९ पासून मावळ नावाचा जो लोकसभा मतदारसंघ आहे, त्यात मावळ, पिंपरी आणि चिंचवड घाटावरचे, तर कर्जत, पनवेल आणि उरण घाटाखालचे. म्हणजे मावळचं मत उरणच्या समुद्रात पाय सोडून बसलेलं असतं. पण टपरीवरची मंडळी कॅमेरा बघून सहाही विधानसभांच्या वतीने बिनधास्त बोलतात.

बरं, फक्त आम्हीच मतं बनवतो असंही नाही. जुलैत भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला सगळी मुंबई लोटते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने बांधलेलं ते धरण. इंजिनं गेली, पाण्याला हौशी माणसं मिळाली. परतताना ती रस्त्याकडेला गाडी लावतात. खाचरात चिखलणी झालेली असते, इरली पाठीवर घेऊन बाया ओणव्यानं रोपं लावत असतात. पाहुणा उसासा टाकतो, “किती शांत आयुष्य आहे ना यांचं!” कमरेत उसण भरलेली आमची आत्या मान वर करून बघते. मुसळधार पावसात, छत्री गाडीत ठेवून, हात पसरून उभा असलेला एक कमावता पुरुष. ती शेजारणीला म्हणते, “घरी काहीतरी बिनसलं असंल बिचाऱ्याचं.” दोघांनीही एकमेकांना नीट पाहिलेलं असतं आणि दोघेही आपापल्या मतावर समाधानी असतात.

याच आत्याच्या हातचा भात खाऊन एका पाहुण्याने तिच्यावर कायमचं मत बनवलं होतं. मत असं : स्वयंपाक जमत नाही, भात गिच्च होतो. आता आमच्या ताटात असतो तो इंद्रायणी. कुरवंड्याजवळ उगम पावून देहू-आळंदीला जाणाऱ्या नदीचं नाव मिळालेला हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ हे त्याचे आईबाप. एकाने वास दिला, दुसऱ्याने उत्पन्न. मऊपणा आणि चिकटपणा हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. त्यातून तांदूळ नवा असेल तर तो आणखीच लडिवाळपणे एकमेकाला धरून बसतो. तो मोकळा व्हावा अशी अपेक्षा करणाऱ्याने बिर्याणी मागवावी.

पण आत्याने पाहुण्याशी वाद घातला नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती ती कशी करते हे बघण्यासारखं आहे. झाकण काढते, वाफ जाऊ देते. वरचं एक शीत अंगठा आणि तर्जनीत दाबते. आत कणी लागली तर गप्प. मग उलथनं कडेने खाली घालून तळातलं एक शीत काढते, तेही दाबते. मग मधलं. “वरचं शीत कच्चं ऱ्हातं, तळाचं करपतं. येकाला इचारून कसं चालंल?” म्हणजे म्हण तयार करणाऱ्याने एका शितावर भागवलं, पण रोज भात शिजवणारी बाई तीन साक्षीदार तपासल्याशिवाय पातेलं उतरवत नाही.

तीन नाही तर निदान दोन मतं एका माणसाबद्दल एकाच वेळी बाळगता येतात, हे मावळाला अडीचशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. नोव्हेंबर १७७८ मध्ये इंग्रज फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघाली. मुंबईत बसून त्यांनी मत बनवलं होतं, की दादा दिसले की मराठे सरदार धावत येऊन मिळतील. कोणी मिळालं नाही. तळेगावला पोचले तर गाव जळालेलं, दाणा नाही, वैरण नाही. माघारी फिरले आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या कोंडीत सापडले. जानेवारी १७७९ मध्ये तिथेच नाक घासून तह करावा लागला.

त्या फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट त्याआधीच कार्ल्याजवळ पडला होता. मराठ्यांचा अंदाज घ्यायला झाडावर चढला आणि तोफेच्या गोळ्याने गेला, असं सांगतात. पुरेसा पुरावा गोळा करून मत बनवू पाहणारा त्या फौजेतला हा बहुधा एकटाच. त्याचं जे झालं, ते बघता बाकीच्यांनी खालीच बसून मतं बनवली यात नवल नाही. पण आमच्या लोकांनी त्याला काय म्हणावं? ईष्टुर फाकडा! शत्रू तर होताच, त्याबद्दल तोफेने उत्तर दिलं. पण गडी बहाद्दर होता, त्याबद्दल पदवी दिली. दोन वेगळी कलमं, दोन वेगळे निकाल. वडगावात त्याचं स्मारक आहे. आजच्या टपरीवर तो गोरा आला असता तर आम्ही घोड्याची नंबरप्लेट बघूनच मोकळे झालो असतो.

मला आताशा वाटतं, मत बनवू नका हा उपदेश फोल आहे. डोळे उघडे असलेल्या माणसाचं मत बनतंच. जांभईसारखं ते आवरत नाही. आवरायचा असतो तो निकाल. आणि त्याबाबतीत तात्यांनी कोर्टात घालवलेली उमर अगदीच वाया गेलेली नाही.

मध्यंतरी त्याच भाचीने घरात सांगितलं, की तिने एक मुलगा पसंत केलाय. मुंबईचा. कानात बाळी, केसांची शेंडी बांधतो आणि पोटासाठी दुसऱ्यांच्या व्हिडिओंना संगीत देतो. फोटो घरभर फिरला. आत्याने बाळी बघितली, माझ्या बायकोने शेंडी बघितली, टपरीपर्यंत बातमी गेली आणि तिथे गाडीचा नंबर विचारला गेला. एकूण वातावरण निकालाचं होतं. फोटो शेवटी तात्यांकडे आला. त्यांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून, उजेडात धरून पाहिला आणि परत दिला.

“तात्या, तुम्ही पण जज करणार?” भाचीचा आवाज चढला.

“न्हाई गं पोरी. तारीख देतो. जुलैमंदी लावणी हाय, तवा हजर ऱ्हा म्हनावं.”

“आणि तो आला तर?”

“तर उलटतपासणी आत्या घेईल. रोपाच्या दोन मुठी कमी लावल्या तरी चालंल, पर भात मोकळा पायजे म्हनला, तर मातर केस माझ्या हातात न्हाई.”