हजारे

ग्लासगोत शिकत असताना ज्यांच्या घरी मी भाड्याने राहायचो, त्या गृहस्थांचं नाव मी मनातल्या मनात 'हजारे' ठेवलं होतं. माणूस अस्सल स्कॉटिश. लायब्ररीत नोकरी, अंगात बारा महिने तेच शेवाळी कार्डिगन. पण त्यांचा सगळा रुबाब एका हजाराच्या आकड्यावर उभा होता.

'बेल अँड सेबॅस्टियन' हा त्यांच्या गावचा बँड. तिथल्या स्टो कॉलेजात संगीत-व्यवसायाचा एक कोर्स चाले आणि त्यातली मुलं दरवर्षी कुणातरी नवख्यांची रेकॉर्ड काढत. बहुधा एखाददुसरं गाणं. १९९६ साली मात्र या बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक याच्याकडे गाणी एवढी साठलेली निघाली, की अख्खा अल्बमच झाला, 'टायगरमिल्क'. रेकॉर्डिंग तीन दिवसांत, प्रती एक हजार. त्यातली एक हजारेंकडे. आता या हजारांत एक असल्याचं सांगणारी माणसं मला ग्लासगोत इतकी भेटली, की हिशोब काही जमेना. पण पहिल्या 'सवाई'ला हजर असलेल्यांचा तरी आपल्याकडे कुठे जमतो?

२००३ च्या ऑक्टोबरात बँडचा नवा अल्बम आला, 'डियर कॅटॅस्ट्रफी वेट्रेस'. निर्माता ट्रेव्हर हॉर्न. म्हणजे 'फ्रँकी गोज टू हॉलिवूड' या बँडला घराघरांत पोचवणारा, नुकताच रशियाच्या 'टाटू'ला हिट करून मोकळा झालेला माणूस. देवघरात कुणी डीजे लावावा, तसं हजारेंना झालं. तरी सीडी त्यांनी पहिल्याच दिवशी आणली. पैसे मोजल्याशिवाय नावं ठेवायला जोर येत नाही.

ऐकायचा कार्यक्रम स्वयंपाकघरात झाला. मी भात लावत होतो.

"ऐकलंस? व्हायोलिनं बघ कशी एका रेषेत चाललीयेत," ते म्हणाले.

"छान वाटतायत की."

"तेच तर! पूर्वी एवढी छान नसायची, पोरा."

मग 'पियाझा, न्यूयॉर्क कॅचर' लागलं. त्यात नुसता गळा आणि गिटार. एवढं एक बरंय, म्हणाले. हॉर्न त्या वेळी चहाला गेला असणार. 'लॉर्ड अँथनी' लागल्यावर मला वाटलं, आता तरी खूश होतील, कारण ते गाणं बँड पूर्वीपासून मंचावर गायचा. तर हजारे डोळे मिटून म्हणाले, "तेव्हा ऐकायला हवं होतंस."

मधेच सीडी थांबवली आणि म्हणाले, "इसोबेल नाही रे यात." इसोबेल कॅम्पबेल, बँडची चेलोवादक आणि गायिका, २००२ मध्ये बँड सोडून गेली होती. त्यांचा सूर असा, की बाहेर कुणाच्या चपला जमल्यात का, ते मी पाहून घेतलं.

समीक्षकांचं मत बरोबर उलटं. आधीचे दोन अल्बम जरा मरगळलेले होते, आता बँडात जान आली, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. हजारेंनी ती कात्रणं कापली आणि समासात पेन्सिलीने शेरे मारले. समीक्षकांना आवडलं म्हणजे बँड बिघडला. न आवडतं, तर त्यांना काय कळतंय? खटला कसाही उभा राहो, निकाल लागलेला.

मला अल्बम आवडला होता, पण हजारे अगदीच चुकत होते, असंही नाही. हा बँड सुरुवातीला मुलाखतींना नकार द्यायचा, स्वतःचे फोटो छापू द्यायचा नाही. शेजारच्या खोलीतला कुणी लाजरा मुलगा दार लोटून गातोय, असं ते गाणं. आता त्याने दार सताड उघडलं आणि आत ऑर्केस्ट्रा! आधीपासून कान लावून बसलेल्याला राग येणारच.

त्यांच्या लेखी घसरण सुरू झाली ती १९९९ पासून. त्या वर्षी ब्रिट पुरस्कारांत 'स्टेप्स' या पॉप ग्रुपला मागे टाकून बँड सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 'जीपस्टर' कंपनीने 'टायगरमिल्क' पुन्हा बाजारात आणला. मूळ प्रतीला शेकडो पौंड मोजणारे होते. आता तोच अल्बम कुणीही उचलून घरी न्यावा? "काळा दिवस," हजारे म्हणायचे.

२००४ साली 'वेट्रेस' मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. जिंकला 'फ्रांझ फर्डिनांड' या बँडने. तेही ग्लासगोचेच. "त्यांनाही मी फार आधी ऐकलंय," हजारे म्हणाले, आणि त्या आनंदात कपाटातून एक टॉवेल काढला. टॉवेलात रेकॉर्ड. वेष्टनावर टबात बसून खेळण्यातल्या वाघाला पाजणारी बाई. वर्षभरात पहिल्यांदाच मला दर्शन घडत होतं.

"वाजवता कधी?"

"छे! झिजेल."

मी पालथी करून पाहू लागलो, तसा त्यांनी चटकन खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. पण अंगठा थोडा तोकडा पडला आणि त्याखालून 'स्टर' एवढी अक्षरं दिसत राहिली.

मी म्हटलं, "हजारांत एक आहे." पुढच्या आठवड्यात खोली सोडायची होती आणि डिपॉझिट अजून त्यांच्याकडेच होतं.